कागड्याला मरव्याचा वास

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. मी रिटायर्ड वायरमन. स्मशानाशेजारच्या खांबावर भर अमावस्येला चढलोय, आणि खाली गावकरी कापत असताना वर बसून बिडी ओढलीय. त्यामुळे 'तुम्हाला भास झाला असेल' असं मला कुणी सांगू नये... कारण भास झाला तो मला झालाच नाही. सगळं रडगाणं तेच आहे.

घर चौसाळ्यात, हायवेपासून थोडं आत, बाजूला थोडी रिकामी जागा. कोरोनात मला वास यायचा बंद झाला तो झालाच. बीडचे डॉक्टर म्हणाले, नस गेली, आता सवय करा. इकडे शुगरनं हिची – म्हणजे आमच्या मंडळींची – नजर चाललेली. मग दूध नासलंय का ते तिनं सांगायचं, गोळीवरचं नाव मी वाचायचं. भांडणं मात्र दोघं मिळून, रोज!

अगदीच दिसेनासं झालं तशी ती म्हणायला लागली, "त्या जागेत वासाची झाडं लावा. दिसलं न्हाई तरी मला कळंल, मी कुठं उभी हाय ते. दाराशी मोगरा, नळापाशी निशिगंध, मधी जाई. रातराणी नको, साप येत्यात." पावसाळा लागला की लावायचं ठरलं. उन्हाळ्यातच ती गेली.

तिची मरव्याची एक कुंडी होती. रोज आंघोळ झाली की एक काडी अंबाड्यात खोचायची. ती गेल्यावर पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात राहतंय? मरवा वाळला, मी कुंडी फेकून दिली.

मुलगी मनीषा नाशिकला असते. ती म्हणाली, "बाबा, घर विका, इकडे या." मी म्हटलं, आधी तुझ्या आईची बाग होऊ दे.

मोगरा आणि निशिगंध माझ्या दोस्ताच्या, अन्वरभाईच्या नर्सरीतून आणला. त्याच्याकडची जाई संपली होती, म्हणून नेकनूरच्या आठवडी बाजारातून आणली. लोक फूल नाकाशी नेतात आणि मग रोप घेतात. मी पांढऱ्या कळ्या बघितल्या, विकणारा 'जाईच हाय' म्हणाला, घेतली. थंडीत ती रांग पांढरीशुभ्र फुलली. मी पाणी घालायचो, बघायचो, आत यायचो. टीव्ही चालू ठेवायचो, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. बाग केली खरी, पण ती दाखवायची कुणाला? फार एकटं वाटायचं.

एक दिवस दुपारी शेजारच्या द्वारकाबाई हुरडा घेऊन आल्या आणि फाटकातच थबकल्या.

"दादा, मरवा कवा लावला? लई वास सुटलाय!"

"मरवा कुठला, जाई आहे ती."

"आता मला मरव्याचा वास कळत न्हाई व्हय?"

मी अन्वरभाईला बोलावलं. त्यानं एक पान चोळलं आणि हसतच सुटला. "फसलास बे वायरमन! ही जाई न्हाई, कागडा हाय. पानावर लव बघ. दिसतो जाईसारखा, पन वासाच्या नावानं बोंब."

माझं डोकंच सणकलं. वासाच्या बागेत मधोमध बिनवासाची रांग! तेवढ्यात अन्वरभाईनं नाक वर करून हुंगलं आणि त्याचं हसू थांबलं.

"पन मग मरवा कुठं हाय?"

त्यानं वाकून वाकून सगळी जागा बघितली, टाकीमागं बघितलं, द्वारकाबाईंच्या भिंतीपलीकडं डोकावला. मरवा कुठंच नव्हता. "पानी दे जरा," म्हणाला, आणि चहा न घेताच गेला.

पुढं तर तो वास हिंडायला लागला. द्वारकाबाई सांगायच्या, "आज नळापाशी हाय." कधी, "आज तुमच्या खुर्चीपाशी हाय." मी रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्यांना चहाला बोलवायचो आणि गुपचूप त्यांच्या नाकाकडं बघत बसायचो. खरं सांगू? राग यायचा. दूधवाल्याला येतो, मीटर बघायला येणाऱ्याला येतो, आणि मी काय घोडं मारलंय? लहान पोरासारखं रडू यायचं.

संक्रांतीला मनीषा आली, घराचा विषय कायमचा मिटवायला. तिला मी मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. कागड्याच्या रांगेपाशी आली आणि तिनं हातातली बॅग खाली ठेवली. "आई..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मी खेकसलो तिच्यावर. "रडतेस काय! आधी सांग, कुठंय?"

तिनं डोळे पुसले, माझं मनगट धरलं आणि हळूहळू चालत मला कुंपणाच्या कोपऱ्यात नेलं. तिथं काहीच लावलेलं नाही, नुसती माती आहे. "इथं, बाबा. अगदी इथंच."

मी छाती भरून श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काही नाही.

"आला का, बाबा?"

"आला," म्हणालो. तिच्या तोंडाकडं बघून खोटं बोललो.

नाशिकला जाताना तिनं घर विकायचं नाव काढलं नाही. वास कुठून येतो, कशानं येतो... मला सांगता येत नाही. शेजारणीनं लोकांच्या डोक्यात घातलं म्हणावं, तर मनीषाला कुणी सांगितलं होतं? तुम्हाला काही सुचलं तर कळवा. मी रोज सकाळी त्या मातीत जाऊन उभा राहतो. कुणी फाटकाशी आलं की विचारतो, बघा बरं, इथंच आहे का? "हो, इथंच हाय," म्हणाले की तेवढा वेळ मी तिथून हलत नाही.