जपून ठेवलेला स्पीकर

तलासरी नाक्यावर स्पीकर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शाळेचा स्पीकर आवाज देईना म्हणून मी त्याच्याकडे गेलो होतो. कशालाही हात लावण्याआधी तो बोटं शर्टाला पुसायचा.

"स्पीकरच्या आत घालतात ते हे तेल, नवीन आहे. बघा, सर." त्याने बाटलीच्या झाकणात काळं तेल ओतलं आणि खालून चुंबक हळूहळू वर आणलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तेलावर एकदम काटे उभे राहिले, साळिंदराच्या पाठीवर असतात तसे. चुंबक बाजूला घेताच पुन्हा साधं तेल.

"यात लोखंडाचे कण असतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक," तो म्हणाला.

मी विज्ञान शिकवतो, पण हे फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं. परत दाखवा म्हटलं. त्याने न हसता तीनदा दाखवलं.

मग आमच्या स्पीकरमधलं तेल त्याने सुईने उचललं. ते डिंकासारखं घट्ट झालं होतं.

"किती वाजवता?"

"पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी. एरवी कुलपात असतो," मी अभिमानाने सांगितलं.

"तेच ना. स्पीकरमधल्या चुंबकाजवळ तेल नुसतं पडून राहिलं की कण एकमेकांना धरून बसतात, मग सुटत नाहीत. बहु जपलं तुम्ही, सर."

शाळेत येऊन मी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. सूक्ष्मदर्शकावर दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच होतं. ते मी नववीच्या मुलींना फाडायला लावलं.