काळाचौकीतली पॉवर प्रेस

काळाचौकीला आमच्या चाळीच्या मागे बाबांचा गाळा होता आणि गाळ्यात एक जुनी पॉवर प्रेस. पत्र्याची चकती साच्यात ठेवायची, पायाने पॅडल दाबायचं. वरचा ठोकळा धाडकन खाली यायचा आणि डब्याचं झाकण तयार. याच मशीनने बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. "पाय पॅडलवर नव्हता," एवढंच ते सांगत राहिले. आईला ते कधी पटलं नाही. डुलकी लागली असणार, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ऐकवायची. बाबांनी गाळ्याला कुलूप लावलं आणि एका ऑफिसात चिकटले.

ते गेल्यावर गाळा रिकामा करायला घेतला, तेव्हा दादा मशीनपाशी अडला. नुकताच बँकेतून निवृत्त झालेला, हात शिवशिवत होते.

"भंगारात कशाला? चालू करूया."

आई म्हणाली, "त्याला हात लावू नका." कारण विचारलं तर उठून आत गेली.

आम्ही रविवारी जाऊ लागलो. रॉकेलने गंज सुटत गेला. साच्याच्या फटीत काहीतरी काळं, कडक बसलं होतं. जुनं ग्रीस, असं म्हणत दादाने ते स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलं. मी तिकडे पाहिलं नाही. मोटरचं वायंडिंग नव्याने भरून आणलं, पट्टा बदलला.

पहिल्याच फटक्याला जमीन हादरली. झाकणं मात्र सुरेख निघत होती. दादा खूश होता. मला त्या आवाजाने बसवत नव्हतं, म्हणून दारात उभा राहिलो. बाहेरून मिरची कुटल्याचा वास आला आणि मला जोरात ठसका लागला. साच्यातलं झाकण उचलायला निघालेला दादाचा हात थांबला. "पाणी पी रे," म्हणत तो माझ्याकडे वळला.

त्याच क्षणी ठोकळा खाली आला.

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. दादाचे दोन्ही पाय पॅडलपासून लांब होते. त्याने बटण बंद केलं. मशीनच्या बाजूचं मोठं चाक तरी फिरतच राहिलं आणि थांबता थांबता ठोकळा आणखी एकदा खाली आला.

घरी दादाने आईला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"मी त्यांना लोकांसमोर बोलायचे," ती म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

भंगारवाला आला तेव्हा मशीन बघून हरखला. "साहेब, चालू माल आहे. कुर्ल्याला कुणीही कारखानेवाला उचलेल."

"तसं नाही द्यायचं," दादा म्हणाला. "आधी गॅस कटर आण. इथेच, माझ्यासमोर कापायचं."

भंगारवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली. शाफ्टचे दोन तुकडे होईपर्यंत दादा दारातून हलला नाही.