पानांवर तेल घालू नये

गेल्या चैत्रात आमच्या फाट्यावरच्या पिंपळाला पालवी फुटली नाही. झाड सात वर्षांचं होतं.

शिंगणापूरला जाताना तुम्ही कधी या फाट्यावर चहाला थांबला असाल, तर पिंपळाशेजारचे सर तुम्हीही पाहिले असतील. पांढरा सदरा, खांद्यावर ओला पंचा. कुणी जवळ आलं की खालच्या फांदीचं एक पान ते न तोडता हातात धरायचे आणि म्हणायचे, "आधी पालथं करून बघा."

सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. एसटीच्या थांब्यावर शाळेच्या मुली उन्हात उभ्या राहायच्या, म्हणून निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तिथे हा पिंपळ लावला. पत्नी आधीच गेलेली, मुलगी नाशिकला दिलेली. सरांचा दिवस पिंपळापाशी सुरू व्हायचा.

मी नगरच्या एका दैनिकाचा इथला वार्ताहर. चहाला थांबलो की माझी उजळणी ठरलेली.

"पान पातळ का, बातमीदार? हवा आतपर्यंत पोचावी म्हणून. रुंद का? ऊन झेलायला. या शिरा म्हणजे छत्रीच्या काड्या; पान ताणूनही धरतात आणि पाणीही आणतात. टोकाला शेपूट आहे ते पावसाचं पाणी निथळायला. आणि श्वास कुठून?" मग पान पालथं. "बहुतेक इथून. खालून. वरून ऊन तापतं, धूळ बसते, म्हणून नाक खाली ठेवलंय. शहाणं आहे."

"आमच्या मालकास्नी सांगा की, सर," चहावाल्या मावशी म्हणायच्या. "त्येंचं नाक लई वर असतंय."

शनिवारी देवाला वाहून उरलेलं तेल परतीचे भाविक पिंपळावर ओतत. पिंपळही शनीचाच मानतात. खालच्या फांद्या हाताला यायच्या. पानं तेलानं माखायची, वर रस्त्याची धूळ बसायची. रविवारी सकाळी सर रिठ्याचं पाणी घेऊन एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसत बसायचे.

"लेकराचं नाक पुसल्यावानी पुसत्यात," मावशी म्हणायच्या.

एकदा सरांनी एका बाईंना अडवलं. बाईंनी तेलाच्या बाटलीसकट हात जोडले. "माझ्या पोराला साडेसाती हाय, दादा. येवढं घालू द्या." सर बाजूला झाले. नंतर म्हणाले, "सूक्ष्मदर्शक असता तर दाखवलं असतं त्यांना."

मग त्यांनी पाटी लावली. 'पानांवर तेल घालू नये. पाने श्वास घेतात.' अक्षर त्यांचंच, फळ्यावरचं.

लोकांनी पाटी पाळली. पुढची दोन वर्षं पानांवर थेंब दिसला नाही. "समजावून सांगितलं की लोक ऐकतात," सर मला म्हणाले. तेल बुंध्याशी जाऊ लागलं होतं. ते आम्ही दोघंही रोज पाहत होतो.

फाल्गुनात पानं गळाली. पिंपळ गळतोच. चैत्र निम्मा सरला तेव्हा सरांनी ओळखीच्या एका कृषी अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी पहारीनं माती उकरली. ती काळी, चिकट होती. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मुरलं नाही. घरंगळून डांबरी रस्त्यावर गेलं.

सर त्या पाण्याकडे पाहत राहिले.

"पुस्तकात मुळाचा धडा पानाच्या आधी असतो," ते म्हणाले. "तीस वर्षं मीच शिकवलाय."

माती बदलली. फरक पडला नाही. वैशाखात मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. दर सोमवारी त्यांचा फोन यायचा.

"पालवी?"

"नाही, सर."

श्रावणात त्यांनी पालवीचं विचारलं नाही. "पाटी आहे का अजून?"

"आहे, सर."

"तेवढी काढून टाका. पाटी वाचूनच लोक मुळाशी ओततात."

मी पक्कड घेऊन गेलो. मावशी आडव्या आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "ती सरांची निशानी हाय," त्या म्हणाल्या. "आमी न्हाई काढू द्यायचो."

सरांना हे मी कळवलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. भाद्रपदात नाशिकला त्यांचं निधन झालं.

गावानं पाटी नव्यानं रंगवून घेतली. मजकूर तोच ठेवला. खाली सरांचं नाव घातलं.

काल शनिवार होता. पिंपळावर एकही पान नव्हतं. बुंध्याशी तेल ताजं होतं.