देवी झाल्या

आमच्या परंडा भागातली पोरं निजामाच्या पोलिसाला भीत नसत एवढी देवी डॉक्टरांना भीत. ते खरे डॉक्टर नव्हतेच. शाळाशाळांतून देवीची लस टोचत हिंडणारे सरकारी नोकर होते. पण डॉक्टर म्हटलं नाही तर त्यांचा चेहरा पडायचा. सडकेनं आले तर शाळा रिकामी होते म्हणून ते मागच्या ओढ्यातून, एका हातात चपला नि दुसऱ्या हातानं रूमी टोपी सांभाळत येत आणि आल्या आल्या उंबऱ्यातच बूड टेकत. मग कुणाची छाती होती बाहेर पडायची? टोचताना ते तेराचा पाढा म्हणायला लावत आणि तेरा सक अठ्ठ्याहत्तरला सुई लावत. आमच्या वर्गात त्याच्या पुढचा पाढा कुणालाच कधी आला नाही. दंडावरच्या वणाला ते आपली दस्तखत म्हणत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाची बाही वर करून बघितली आणि "माझीच हाय, आता जेवायला वाढा" म्हणाले.

टोचून झालं की प्रत्येकाला विचारत, "बेटा, घरी कोन ऱ्हायलंय?" मी तेव्हा चौथीत होतो. म्हणालो, "धाकटी गोदी हाय. पन तिच्या देवी झाल्या." त्यांनी मान डोलावून तसं लिहून घेतलं. आमच्या घरात अंगावर काहीही उठलं तरी त्याला देवीच म्हणत. आदल्या वर्षी गोदीला फोड आले नि आठवड्यात गेले, तेवढंच मला माहीत. डॉक्टरांच्या लेखी देवी झाल्या म्हणजे टोचून झाल्या.

त्या उन्हाळ्यात देवीची साथ आली आणि गोदी गेली. पाच वर्षांची होती. कळल्यावर डॉक्टर आमच्या अंगणात येऊन बसले. आईनं त्यांना आदल्या वर्षीच्या फोडांचं सांगितलं. "त्या कांजिण्या हुत्या, बाई," ते म्हणाले. मग वडिलांना म्हणाले, "चूक माझी हाय, आप्पा. लेकराला काय कळतंय? म्या घरी येऊन दंड बघायला पायजे हुता." मी दाराआड होतो. शब्द माझा होता, पण मी बाहेर आलो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या वर्षी त्यांनी आधीच शाळेत निरोप धाडला, की नुसतं सांगायचं नाही, घरातलं बिनशाळेचं भावंड घेऊन यायचं. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या कडेवर नाहीतर बोटाला कुणीतरी होतं. मी एकटा. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही. माझ्या मागच्या पोरानं दोन बहिणी आणल्या होत्या. त्यातली धाकटी त्यांनी उचलून माझ्याकडं दिली. "हिला घट धर," म्हणाले, "हलू दिऊ नकु." मी धरली. सुई तिला लागली आणि रडू मला आलं.