गरीब म्हाताऱ्यांची दारं

मुलगा आणि सून मला इंग्लंडला घेऊन गेले ते राजवाडे दाखवायला. मला आवडलं ते मात्र भिकाऱ्यांचं घर. तिथं त्याला आम्सहाउस म्हणतात. मध्ययुगात लोकरीच्या कुणा बड्या व्यापाऱ्यानं ते म्हाताऱ्या गरिबांसाठी बांधलं होतं. गृहस्थानं जन्मभर लोकांना नाडलं आणि देवासमोर उभं राहायची वेळ जवळ आल्यावर त्याला दानधर्म सुचला. राहणाऱ्यांना छप्पर आणि पाव मिळे. बदल्यात त्यांनी रोज दोनदा त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. म्हणजे मेल्यावरही पठ्ठ्यानं माणसं कामाला लावली होती.

सून आर्किटेक्ट आहे. तिनं मला तिथंच सगळं समजावून सांगितलं. त्याआधी अशा ठिकाणी एकच लांबलचक दालन असायचं. दोन्ही बाजूंना खाटा आणि टोकाला प्रार्थनाघर, अंथरुणाला खिळलेल्यालाही पडल्या पडल्या वेदी दिसावी म्हणून. पुढे खाटांमध्ये लाकडी आडभिंती आल्या. म्हाताऱ्यांनाही एकमेकांचा कंटाळा येतो, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं. आम्ही पाहत होतो ते त्याच्याही नंतरचं: चौकोनी अंगण, भोवती दगडी खोल्यांच्या ओळी, प्रत्येक खोलीला स्वतःची शेकोटी, छपरावर स्वतःचं उंच धुराडं आणि अंगणात उघडणारं स्वतःचं दार. मुलगा धुराड्यांचे फोटो काढत होता. मी दारं बघत होते.

कारण अमेरिकेत, अल्फारेटातलं मुलाचं घर भलंमोठं असलं, तरी माझ्या वाट्याला येणारं दार एकच, आणि त्यावर कॅमेरा. मी बाहेर पाऊल टाकलं की त्याच्या फोनवर दिसतं आणि लगेच विचारणा होते, आई, कुठे चाललीस? माझी खोली बेसमेंटमध्ये. उबदार, गालिचा वगैरे. पण मैत्रीण आली की तिला वरच्या हॉलमधून, मुलाच्या मीटिंगच्या पाठीमागून, चोरासारखं खाली न्यायचं आणि चहासाठी पुन्हा वर जायचं. मला याचा मनापासून वीट आला होता.

परत आल्यावर मी रोज जेवताना आम्सहाउसचा विषय काढायला लागले: माझ्याही खोलीला स्वतःचं दार हवं. मुलाला सबबींची काही कमी नव्हती. वसाहतीची कमिटी परवानगी देणार नाही. मी रात्री पडले तर कळणार कसं? शेवटी खरं काय ते बाहेर आलं: लोक म्हणतील, आईला वेगळं काढलं. सून मन लावून भात वाढत होती. खोलीचा आराखडा आम्ही दोघींनी येताना विमानातच करून ठेवला होता, मुलगा शेजारी झोपलेला असताना.

मग मी त्याला सरळ देवाणघेवाण सुचवली.

"दार दिलंस तर मी रोज दोनदा तुझ्या आत्म्यासाठी प्रार्थना करीन."

"आई, मी अजून जिवंत आहे यार."

"म्हणून तर. त्या व्यापाऱ्याला कुठे ऐकू येत होतं?"

तो हसला आणि तिथंच फसला.

मागं जमीन उतरती, त्यामुळे बेसमेंटलाही मागच्या अंगणाच्या बाजूला दार काढता आलं. रस्त्यावरून दिसत नसल्यामुळे कमिटीनंही हरकत घेतली नाही. कोपऱ्यात छोटा ओटा आणि विजेची शेगडी आली. धुराड्याच्या जागी वाफ बाहेर टाकणाऱ्या पंख्यावर समाधान मानलं. कॅमेरा बसवायला आलेल्या कारागिराला मी चहा पाजून परत पाठवलं.

पहिल्या संध्याकाळी मी दार आतून लावून नुसती बसून राहिले. वडिलांचं घर, नवऱ्याचं घर, मग मुलाचं घर. कुठेही माझ्याकडे येताना कुणी विचारायला दाराशी थांबलं नव्हतं. लोक सरळ आत येत, कारण घर त्यांचं असे. इतक्यात टकटक झाली. मुलगा होता.

"आई, आत येऊ का?"

मला एकदम भरून आलं. पण ते त्याला कशाला कळू द्या?

"थांब, विचार करते," मी म्हणाले, आणि डोळे पुसून होईपर्यंत त्याला बाहेरच उभं ठेवलं.