झिरा आटल्यावर

जावयाशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो. तो वणीले कोळशाचा ट्रक चालवते. लग्नाच्या पंगतीत त्यानं वांग्याच्या भाजीले नाव ठेवलं, अन् मी चार लोकांत म्हणलं, ट्रकवाल्याले चव काय समजते. तेव्हापासून आमचं सारं बोलणं पोरीमार्फत. एका खोलीत बसून बी "बाबाले सांग", "त्याले सांग". पोरीचा पार पोस्टमन करून टाकला होता आम्ही.

यंदा होळी झाल्यावर दोघं आले. दुसऱ्या दिवशी पोरगी पहाटेच मायसंग मोहफुलं वेचायले गेली. साहेब नऊ वाजता उठले, बूट चढवले अन् एक बाटली भरून घेतली. मी समजलो, डोंगर. दिवाळीत तो गावामागचा डोंगर चढून आलता अन् गावभर फुशारक्या मारलत्या. तेव्हा अर्ध्या वाटेवर झिरा वाहते. बाटली भरा अन् माथा गाठा. होळीनंतर मात्र आमचे बकऱ्यावाले बी नऊच्या आत खाली उतरते. झाडाले पान नसते, दगड तव्यावानी तापते, अन् झिरा ठणठणीत कोरडा.

मी अंगणात खाटेवर बसलो होतो. निरोप न्यायले पोरगी नव्हती. मी नुसता खाकरलो. त्यानं ढुंकून पाह्यलं नाही. जाय, मर, म्हणलं मी मनात. खरंच म्हणलं, खोटं कायले बोलू.

बारा वाजता पोरगी आली अन् हे कुठं गेले म्हणून विचारलं. मी डोंगराकडं बोट केलं. मोहफुलांची टोपली तिच्या हातातून खाली पडली. मग पाण्याची कॅन घेऊन मी गावातल्या दोघांसंग चढलो. तो झिऱ्यापाशीच पडला होता. बाटली रिकामी, अंग भाजून निघालेलं, घामाचा थेंब नाही, अन् काहीबाही बरळून राह्यला होता. ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून त्याले खाली आणलं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. मी सवयीनं पोरीले म्हणलं, त्याले सांग, उन्हाळ्यात डोंगराच्या वाटेले जात नको जाऊ.

ती जागची हलली नाही.

"आता मी कोणाचाच निरोप नेणार नाही. तुम्हीच सांगा. अन् कालचं बी सांगा."

मी खाटेजवळ गेलो.

"जावईबापू, झिरा आटला होता. मले माहीत होतं."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. पोरीनं बी.