रबरी नळीवरचं बोट

पहिलं बाळ जन्मताच गेलं, तेव्हापासून मी देवाला हात जोडायचो ते सवयीनं. मनातून अबोलाच होता. अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमारास बायकोला दुसऱ्या बाळंतपणासाठी सिहोऱ्याहून भंडाऱ्याला नेत होतो. आमची जुनी मोटार उभी राहिली की हीव भरल्यासारखी थरथरे आणि अॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी बैलगाड्या पुढे निघून जात. मला गाड्यांतलं कळतं असा घरात लौकिक होता. तो मीच पसरवलेला.

एका तलावाच्या पाळीजवळ गाडी बंद पडायच्या बेताला आली. कळा वाढत होत्या. इंजिन चालूच ठेवून मी प्लगच्या वायरी दाबल्या, कार्बोरेटरचा स्क्रू उगाच आत-बाहेर फिरवला.

"गाडीचं राहू द्या जी, माह्याकडं पाहा," ती म्हणाली. सहसा न घाबरणारी बाई, पण त्या दिवशी मागून तिनं पुढची सीट घट्ट धरून ठेवली होती. मी बॉनेटला टेकून मनात म्हटलं, मला काही येत नाही. देवाशी इतकं खरं मी पहिल्यांदाच बोललो असेन.

पाळीवरून एक ढीवर उतरून आला. खांद्यावर ट्रकची फुगवलेली ट्यूब. तिच्यावर बसूनच हे लोक तलावात जाळं टाकतात. माझा हात पुन्हा स्क्रूकडे गेला तसा तो म्हणाला, "थांबा ना बापू. कुठून तरी हवा जाऊन राहिली. माही ट्यूब फुटली का अशीच बोलते."

कान लावून शोधत त्यानं एका रबरी नळीवर बोट दाबलं आणि इंजिनाची थरथर थांबली. नळी चिरली होती. नजर लागू नये म्हणून मी बॉनेटच्या आत लिंबू टांगलं होतं, त्याचीच तार तिच्यावर घासत होती.

"हे कोनं बांधलं?"

मागच्या सीटवरून कण्हत उत्तर आलं, "यायनंच."

त्यानं स्वतःजवळची जुन्या ट्यूबची पट्टी नळीवर गुंडाळली, जाळ्याच्या दोरीनं आवळली. मी नाव विचारू लागलो तर म्हणाला, "बाईले नेता का माह्यासंग गोठी करता?"

गाडीनं ओढ धरली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मूल आडवं असल्याचं सांगून तिला तडक आत नेलं. तिसऱ्या प्रहरी मुलगी रडली. मीही.

महिन्याभरानं पेढे घेऊन गेलो तेव्हा तो तलावाच्या मधोमध होता. त्यानं हात हलवला, पण जाळं सोडून आला नाही. तो देव होता असं मी म्हणत नाही. त्याला मासे धरायचे होते. पण संकट आलं की आता मी आधी माझे हात मागे घेतो. मदत यायला जागा लागते. ती जागा मी अडवू नये, एवढंच रोज मागतो.